नवजात बाळाचा विषाणू वेगळा, नोंद मात्र एकच

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातील जैन भाविकांना परिचित आहे. यात्रेकरूंची वर्दळ सोडली तर गावाचा आणि परिसराचा व्यवहार चालतो तो शेतीवर, मुख्यतः सोयाबीन आणि तुरीवर. येथील शेतकऱ्याला ‘वाण’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनचे ‘जेएस ३३५’ आणि त्यानंतर बाजारात आलेली वाणे मुठीत घेतली तर दाणा साधारण सारखाच दिसतो. पण कोणते किती दिवसांत काढणीला येते, कोणते रोगाला लवकर बळी पडते, यावर हंगामाचे गणित ठरते. म्हणून पिशवीवरचे नाव वाचल्याशिवाय कोणी बियाणे घेत नाही.

याच शेतकऱ्याच्या घरातील तान्ह्या बाळाला जुलाब सुरू झाले की मात्र हा भेद संपतो. दवाखान्याच्या नोंदवहीत शब्द एकच पडतो – ‘अतिसार’. तो कोणत्या जंतूमुळे झाला, विषाणू असल्यास कोणता, आणि त्या विषाणूचे कोणते वाण, हे प्रश्न तेथे विचारले जात नाहीत. शिरपूरच नव्हे, तर राज्यातील बहुतेक ग्रामीण भागाची स्थिती याहून निराळी नाही.

उपचारापुरते पाहिले तर यात फारसे बिघडत नाही. विषाणूचे वाण कोणतेही असो, जुलाबाने सुकत चाललेल्या बाळाला जलसंजीवनी द्यायची, आईचे दूध सुरू ठेवायचे, बाळ दोन महिन्यांहून मोठे असेल तर झिंक द्यायचे, आणि बाळ नवजात असेल किंवा सुस्त झाले असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे, हेच उपचार आहेत. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, हेही जुनेच सत्य आहे. प्रश्न आहे तो उपचारापलीकडचा. बाळाला लस कोणती द्यायची, ती जन्मानंतर किती दिवसांनी द्यायची, आणि दिलेली लस काम करते आहे की नाही हे कसे ओळखायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या वाणाशी जोडलेली आहेत. भारताला मिळालेली स्वतःची पहिली रोटाव्हायरस लस अशाच एका वाणातून आली, आणि ते वाण सापडले होते नवजात बाळांत.

<b>चाकासारखा विषाणू</b>

लहान मुलांच्या तीव्र अतिसारामागे सर्वांत मोठा वाटा ज्या एका विषाणूचा असल्याचे सिद्ध झाले, तो रोटाव्हायरस. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९७३ मध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसार झालेल्या मुलांच्या आतड्याच्या नमुन्यांत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आकार चाकासारखा, म्हणून लॅटिन भाषेतील चाकाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. श्रीमंत देश असो वा गरीब, पाच वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला या विषाणूची लागण होते. स्वच्छ पाणी आणि शौचालये यांनी कॉलऱ्यासारखे आजार आटोक्यात येतात; रोटाव्हायरस त्यांना तेवढा दाद देत नाही. फरक पडतो तो मृत्यूंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१३ मध्ये या विषाणूने जगात पाच वर्षांखालील सुमारे २ लाख १५ हजार मुलांचा बळी घेतला. त्यांतील सुमारे ४७ हजार मुले एकट्या भारतातील होती.

या विषाणूची वाणे ओळखण्याची एक ठरलेली पद्धत आहे. त्याच्या बाहेरच्या कवचावर दोन प्रथिने असतात. एकावरून ‘जी’ क्रमांक ठरतो, दुसऱ्यावरून ‘पी’ क्रमांक. जी-१ पी-८, जी-२ पी-४, जी-३ पी-८ ही नावे त्यातूनच आली. त्याची जनुकसामग्री अकरा तुटक तुकड्यांत असते. एकाच पेशीत दोन वेगळी वाणे शिरली तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसरेच वाण जन्माला येते. माणसांतील रोटाव्हायरस आणि गुरांतील रोटाव्हायरस यांच्यातही अशी अदलाबदल होते. गोठा आणि घर यांच्यात एका भिंतीचे अंतर असलेल्या आपल्या खेड्यांत तिला वाव अधिक आहे, हे वेगळे सांगायला नको.

<b>नवजात कक्षातील कोडे</b>

रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार प्रामुख्याने सहा महिने ते दोन वर्षे या वयात दिसतो. पण १९७० आणि १९८० च्या दशकांत जगातील अनेक प्रसूतिगृहांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अवघ्या दोन-चार दिवसांच्या बाळांच्या विष्ठेत हा विषाणू मोठ्या प्रमाणावर सापडत होता, आणि तरीही त्यांतील बहुतेक बाळे ठणठणीत होती. ना जुलाब, ना उलट्या.

मेलबर्नमधील अशा बाळांचा बिशप यांच्या पथकाने तीन वर्षे मागोवा घेतला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, जन्मल्याबरोबर लागण झालेल्या मुलांना पुढेही रोटाव्हायरसची लागण होतच होती. मात्र तिच्यामुळे होणारा आजार सौम्य असे. निसर्गानेच जणू त्यांना लस टोचली होती.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी त्याच सुमारास याच कोड्याचा पाठपुरावा करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात तेथील नवजात बाळांत एक वाण सापडले. त्याला ‘११६-ई’ हे नाव मिळाले. त्याचा प्रकार होता जी-९ पी-११. जनुकांच्या अकरा तुकड्यांपैकी दहा माणसांतील विषाणूचे आणि एक गुरांतील विषाणूचा, अशी ही नैसर्गिक जुळणी होती. ज्या बाळांना त्याची लागण झाली, ती पुढील रोटाव्हायरस अतिसारापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली.

येथवरची गोष्ट सरळ आहे. ती गुंतागुंतीची होते दक्षिणेत. बेंगळूरु येथे नवजात बाळांत सापडलेले ‘आय-३२१’ हे वाण जी-१० पी-११ प्रकारचे होते आणि त्यातील बहुतांश जनुके गुरांच्या विषाणूची होती. त्यापासूनही लस करण्याचा प्रयत्न झाला; पण चाचण्यांत ती पुरेशी प्रतिकारशक्ती जागवू शकली नाही. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. गगनदीप कांग यांच्या पथकाला नवजात बाळांत जी-१० पी-११ हाच प्रकार मिळाला. तेथे मात्र ही लागण नेहमीच निरुपद्रवी नव्हती. काही बाळांना पोटाच्या तक्रारी होत होत्या. शिवाय या लागणीने पुढील आजारापासून संरक्षण मिळते, असेही तेथे दिसून आले नाही.

तीन शहरे, तिन्हीकडे नवजात बाळे, तिन्हीकडे रोटाव्हायरस, आणि निष्कर्ष मात्र वेगवेगळे. ‘नवजात बाळांना होणारी लागण सौम्य असते’ असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. कोणते वाण, हे विचारावेच लागते.

<b>दुधातील शर्करेचे नाते</b>

ही वाणे नवजात बाळांचीच निवड का करतात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दशकभरात बरेचसे उलगडले आहे. आतड्याच्या अस्तरावरील पेशींवर शर्करेच्या साखळ्यांचे आवरण असते. विषाणू आपल्या टोकाच्या प्रथिनाने या साखळ्यांना चिकटतो आणि मगच पेशीत शिरतो. वयानुसार या साखळ्यांची घडण बदलते. नवजात बाळात त्या अपुऱ्या, प्राथमिक स्वरूपाच्या असतात. बाळ वाढते तशा त्या पूर्ण होतात. पी-११ प्रकारचा विषाणू या प्राथमिक साखळ्यांना चिकटतो, तर मोठ्या बालकांत आढळणारा पी-८ प्रकार पूर्ण झालेल्या साखळ्यांना. कुलूप बदलले की किल्लीही बदलावी लागते, असा हा प्रकार आहे.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. आईच्या दुधातही अशा शर्करा असतात. त्यांतील काही शर्करांमुळे नवजात बाळांतील जी-१० पी-११ विषाणूची पेशींना लागण करण्याची क्षमता वाढते, असे वेल्लोरच्या आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. याचा अर्थ आईचे दूध धोकादायक, असा मुळीच नाही. बाळाला असंख्य संसर्गांपासून वाचविणारे तेच पहिले कवच आहे आणि पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे, या सल्ल्यात तसूभरही बदल झालेला नाही. अर्थ एवढाच की, नवजात बाळ हे मोठ्या बाळाची लहान आवृत्ती नव्हे. त्याचे आतडे वेगळे, त्याचा आहार वेगळा आणि म्हणून त्याचा विषाणूही वेगळा.

<b>लसीचे यश आणि तिची मर्यादा</b>

दिल्लीतील ११६-ई या वाणापासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार केली. तिच्या अखेरच्या टप्प्यातील चाचणीत ६ हजार ७९९ बालके सहभागी झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे ही तीन केंद्रे होती. पुण्याच्या केंद्राचे काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातील गावांत केले. ग्रामीण महाराष्ट्रातील मातांनी आपली बाळे या चाचणीसाठी आणली, म्हणून देशाला ही लस मिळू शकली, हे विसरता येणार नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून मिळणारे संरक्षण सुमारे ५५ टक्के होते. नवजात बाळांच्या या एका वाणाने मोठ्या बालकांतील वेगवेगळ्या वाणांविरुद्धही संरक्षण दिले, ही त्यातील सर्वांत दिलासा देणारी बाब होती.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने ‘रोटासिल’ ही दुसरी भारतीय लस निराळ्या मार्गाने तयार केली. तिच्यात गुरांच्या विषाणूवर माणसांतील पाच वाणांचे कवच चढविलेले आहे. २०१६ मध्ये ओडिशा, हिमाचल प्रदेश, हरियाणा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांपासून रोटाव्हायरस लस सरकारी लसीकरणात आली. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ती पोहोचली. आज सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तिचे तीन डोस मोफत दिले जातात. तिचा परिणामही दिसला. लस येण्यापूर्वी अतिसाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांत रोटाव्हायरस सापडत असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक राज्यांतील रुग्णालयांच्या पाहणीत हे प्रमाण निम्म्यावर आल्याचे आणि प्रत्यक्ष वापरातही लस चाचणीइतकीच परिणामकारक ठरल्याचे दिसून आले.

तरीही निम्म्याच्या जवळपास बाळे संरक्षणाबाहेर राहतात, ती का? मेक्सिकोतील १९९६ च्या अभ्यासात दोनदा लागण होऊन गेलेल्या मुलांना पुढे मध्यम वा तीव्र अतिसार झालाच नव्हता. वेल्लोरमध्ये ३७३ मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला तेव्हा, तीनदा लागण होऊनही संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबले. तेथील निम्म्याहून अधिक बाळांना वयाच्या सहा महिन्यांच्या आतच पहिली लागण झाली होती. आपल्याकडील विषाणू बाळाला लवकर गाठतो, वारंवार गाठतो आणि वाणे बदलून गाठतो. मग सहाव्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी का, असा प्रश्न उभा राहतो. यातला विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. ज्या वाणाने जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत संरक्षण दिले, तेच वाण आज लस म्हणून सहा आठवड्यांनंतर दिले जाते.

जन्मतःच लस देण्याचा प्रयोग इंडोनेशियात झाला. मेलबर्नच्या नवजात बाळांतील वाणापासून तयार केलेली लस तेथे जन्मानंतर पाच दिवसांच्या आत देण्यास सुरुवात केली, तेव्हा दीड वर्षाच्या वयापर्यंत तीव्र आजारापासून ७५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. या वेळापत्रकाचा आणखी एक फायदा संभवतो. आतड्यात आतडे अडकण्याचा दुर्मीळ विकार, ज्याच्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकेतील पहिली रोटाव्हायरस लस मागे घ्यावी लागली, तो नवजात वयात फारच क्वचित होतो. अर्थात इंडोनेशियाचा निष्कर्ष जसाच्या तसा विदर्भाला लागू करता येणार नाही. बेंगळूरु आणि वेल्लोरचा धडा हाच आहे. येथील नवजात बाळांत कोणते वाण फिरते, हे आधी माहीत असायला हवे.

<b>मेळघाटचा इशारा</b>

वाणाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण दुसऱ्या एका विषाणूने दिले आहे. तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांवर हल्ला करणारा आरएसव्ही हा विषाणू ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन प्रकारांत आढळतो. वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील आदिवासी गावांत डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने परदेशी संशोधकांच्या साह्याने त्याचा अभ्यास केला. या विषाणूमुळे दगावणाऱ्या बाळांपैकी अनेकांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर, घरीच होतो आणि रुग्णालयांच्या आकडेवारीत तो कधी दिसतच नाही, हे त्यातून समोर आले.

अशा बाळांसाठी तयार केलेले एक प्रतिपिंड औषध २०१७ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. औषधाची रचना चुकली नव्हती. ज्या जागी ते विषाणूला पकडणार होते, नेमकी तीच जागा ‘बी’ प्रकाराच्या फिरत्या वाणात बदलली होती. त्यानंतर आलेली आरएसव्हीची नवी औषधे आणि गर्भवतींसाठीची लस आता अनेक देशांत वापरली जाते. ती उद्या आपल्याकडील सरकारी कार्यक्रमात येईल तेव्हा, ती येथील वाणांवर चालते का, हा प्रश्न पुन्हा उभा राहणारच आहे.

<b>वाशीमने काय करावे?</b>

देशात रोटाव्हायरसवर देखरेख नाही, असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ पासून त्यासाठी रुग्णालयांचे जाळे उभे केले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचेही या विषयात मोठे काम आहे. जी-१ पी-८ या एके काळच्या वरचढ वाणाची जागा अलीकडे जी-३ पी-८ ने घेतली, हे अशा देखरेखीमुळेच समजले. परंतु या जाळ्यात प्रामुख्याने शहरांतील मोठी रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये आली. शिवाय अतिसार होऊन दाखल झालेलीच मुले त्यात मोजली जातात. लक्षणेच नसलेले नवजात बाळ त्यात सापडणार कसे?

१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ पासून निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. या यादीतील जिल्ह्यांच्या मूल्यमापनात आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के भार आहे. मात्र असे मूल्यमापन लसीकरण किती झाले हे सांगते. लसीकरणानंतरही अतिसार होणाऱ्या बाळांत कोणता विषाणू होता, हे सांगत नाही.

साधने मात्र आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाहीत. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विषाणू तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचाही समावेश होता. आरटी-पीसीआर हा शब्द खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे, आणि रोटाव्हायरसचे वाण ओळखण्याची पद्धत त्याच जातीची आहे. प्रत्येक बाळाची तपासणी करण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात अतिसाराने दाखल होणाऱ्या बालकांचे ठरावीक नमुने आणि प्रसूती कक्षातील काही नवजात बाळांचे, मातांच्या संमतीने घेतलेले नमुने वर्षभर तपासले तरी चित्र स्पष्ट होऊ लागेल. नोंद करताना बाळाचे वय महिन्यांत नव्हे तर दिवसांत, आणि लसीचे किती डोस झाले व शेवटचा कधी दिला, एवढे दोन रकाने वाढवावे लागतील. ते आवश्यक आहेत, कारण नुकतीच रोटाव्हॅक घेतलेल्या बाळाच्या विष्ठेत लसीतलाच विषाणू सापडू शकतो. वाण ओळखल्याशिवाय लसीचा विषाणू कोणता आणि आजाराचा कोणता, हे कळत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो गैरलागू नाही. जेथे बालरोगतज्ज्ञांची वानवा आहे, तेथे विषाणूच्या वाणांची चर्चा ही चैन नव्हे काय? जलसंजीवनीची पुडी वेळेवर मिळाली तर आजही सर्वाधिक जीव वाचतील, यात शंका नाही. बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत घरी येणारी आशा कार्यकर्ती आणि सहाव्या आठवड्याचा लसीचा पहिला डोस यांची वेळ एकच आहे. तो डोस चुकू न देणे हे कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा महत्त्वाचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याची पद्धत उभी केली, ती महागड्या यंत्रांशिवायच. परंतु तिची सुरुवातही मोजणीतूनच झाली होती. गावात बाळे किती जन्मली, किती दगावली आणि कशाने दगावली, हे आधी काटेकोरपणे लिहिले गेले.

मोजणी आणि उपचार यांत म्हणूनच वैर नाही. जन्मतःच लस द्यावी की नाही, कोणती द्यावी, हा निर्णय आज ना उद्या देशाला घ्यावा लागेल. तो घेताना दिल्ली, पुणे आणि वेल्लोरचे आकडे समोर असतील. पश्चिम विदर्भातील आकडे नसतील, तर शिरपूर जैनच्या बाळासाठीचा निर्णय दुसऱ्या गावच्या बाळावरून ठरेल. पिशवीवरचे नाव न वाचता बियाणे पेरण्याची जोखीम ज्या भागातील शेतकरी घेत नाही, तेथे ती जोखीम त्याच्या बाळाच्या वाट्याला येऊ नये.